तिथी बघून समुद्रावर

कोकणात समुद्र बघायला कधी यावं, असं कुणी विचारलं की मी महिना सांगत नाही, तिथी सांगते. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावरची प्रतिपदा, नाहीतर द्वितीया. वेळ सकाळी सहाची. विचारणाऱ्याला वाटतं, बाई मुहूर्त काढून देतायत. एका अर्थी खरंच आहे ते.

रत्नागिरीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली. प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या, आणि चालत वीस मिनिटांवर त्याच बरण्यांतले प्राणी जिवंत होते. मुलांना तिकडे न्यायचं तर ओहोटीची वेळ आधी कळायला हवी. त्यासाठी मुलांच्या घरचीच रीत वापरायचे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमाराला भरती भरणार आणि सव्वादोनच्या आसपास पूर्ण ओहोटी होणार. अष्टमीला सहा वाजता भरती, दुपारी बाराला ओहोटी. मुंबई-रत्नागिरीच्या पट्ट्यात हे गणित अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, तेवढीच भरतीही पुढे सरकते. पाऊणपटीमागचं गणित एवढंच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा उधाण येतं, म्हणजे भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खूप खाली उतरते. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात पडते, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्याला भांगाची भरती म्हणतात. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतलं अंतर पाच मीटरच्या घरात जातं, रत्नागिरीला तीनच्या आसपास, गोव्यात त्याहून कमी. मुंबईच्या बाजूला समुद्राचा तळ दूरवर उथळ आहे, म्हणून हा फरक.

आता पर्यटकांचा कार्यक्रम बघा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता येणार, सूर्यास्ताचे फोटो काढणार, भजी खाणार आणि परत. तिथी अष्टमी-नवमी असली तर त्या वेळी पाणी पार वरपर्यंत चढलेलं असतं. खडक पाण्याखाली, वाळूची नुसती पट्टी उघडी. मग म्हणतात, समुद्र छान आहे, पण बघायला काही नाही.

खडकांपासून सुरुवात करू, कारण जिवांची गर्दी तिथे आहे.

आपल्या किनाऱ्याचा खडक काळा, बसाल्टचा. काही ठिकाणी वर जांभ्याचे कडे आणि खाली हा काळा कातळ पसरलेला. ओहोटीला त्यावर उतरलं की चार पावलांत वस्ती बदलते. सगळ्यांत वरच्या भागात, जिथे फक्त उधाणाचे तुषार पोचतात, तिथे हरभऱ्याएवढ्या गोगलगाई भेगांत एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. एप्रिलच्या दुपारी त्या कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पण या तिथे जगतात. कवचाच्या दारावर झाकण असतं, ते ओढून घेतात आणि आतला ओलावा धरून ठेवतात. थोडं खाली गेलं की पांढरे, खरखरीत, पाय कापणारे बार्नेकल लागतात. बहुतेकांना ते शिंपल्याचे भाऊबंद वाटतात, प्रत्यक्षात ते खेकडे-कोळंबीच्या कुळातले. पिल्लू असताना पोहतो, मग एकदा डोक्याच्या बाजूने दगडाला चिकटतो तो कायमचा. पाणी आलं की झडपा उघडून पाय बाहेर काढतो आणि पायांनीच अन्न गाळून घेतो.

त्यांच्या मधेमधे एक चपटं, शंकूच्या आकाराचं कवच दगडाला घट्ट बसलेलं दिसेल. हा लिम्पेट. पाणी आलं की शेवाळ खरवडत फिरायला निघतो आणि ओहोटीच्या आत पुन्हा नेमका आपल्या जागेवर परततो. त्याच्या कवचाची कड आणि दगडाचा तेवढा भाग एकमेकांवर घासून असे जुळलेले असतात, की दुसऱ्या जागी तो तितका घट्ट बसूच शकत नाही. मुलांना मी कवचावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच ठिपका शोधायला लावायचे. नेलपॉलिश वापरायचं म्हटल्यावर मुली पुढे यायच्या आणि मुलगे लाजायचे, हे आपलं जाता जाता.

आणखी खाली कालवांचा पट्टा. इथे माझी शेजारीण भेटते. सकाळच्या ओहोटीला कमरेला साडी खोचून, डोक्याला फडकं बांधून ती आणि तिच्या जावा उतरतात. छोट्या लोखंडी हत्याराचा एक ठोका देऊन कालवाचं वरचं झाकण उडवायचं, आतला मऊ जीव डब्यात. खालचं कवच दगडालाच राहतं आणि त्यावर पुढच्या हंगामात नवं कालव बसतं. मी वाकून काही बघत असले की ती म्हणते, "बाई, तुमी बगा, मी काडते." तिला मी एकदा सांगितलं, की यातली बरीच कालवं लहानपणी नर असतात आणि मोठी झाली की मादी होतात. तिने ठोका न थांबवता विचारलं, "मग मोठ्याला चव जास्त, ती त्यामुळे काय?" याचं उत्तर प्राणिशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

कालवांच्या खालचा भाग उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, त्यासाठीच ती प्रतिपदा-द्वितीया. पावसाळा संपला की खडकांवर शेवाळं वाढायला लागतात. हिरवं पातळ उल्व्हा, तपकिरी सरगॅसम, पंख्यासारखं वळलेलं पॅडिना. थंडीत हा मळा भरात असतो आणि त्यावर चरायला समुद्री ससे येतात. नाव ससा, पण ही बिनकवचाची वाटणारी एक गोगलगाय आहे. डोक्यावर कानांसारखे दोन शिंगडे, म्हणून हे नाव. तिला डिवचलं तर जांभळा रंग सोडते आणि डबकं गढूळ करून टाकते. डबक्यांच्या कडेला समुद्रफुलं असतात. पाण्यात असताना पाकळ्या पसरलेल्या, उघडी पडली की नुसता लिबलिबीत गोळा. त्या पाकळ्या म्हणजे विषारी पेशींनी भरलेले हात आहेत. आपल्या बोटाला फक्त चिकट लागतं, लहान माशाचा मात्र जीव जातो. सगळा दगड झाकणारे हिरवट-तपकिरी, बटणांच्या गालिच्यासारखे थर दिसले तर ते झोअँथिड, प्रवाळांचे नातेवाईक. त्यांच्या काही जातींत फार जहाल विष असतं. हात लावलाच तर तो डोळ्यांना लावू नये.

आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जड शंख जिवंत सापडला तर उचलू नये. तो कोनस. त्याच्या सोंडेत विषाचा बारीक भाला असतो आणि तो शंखाच्या निमुळत्या टोकाकडून फेकला जातो. "सुंदर आहे म्हणून खिशात घातला" या वाक्याचा शेवट चांगला होत नाही.

दगड उलटून बघायला हरकत नाही, खाली ठिसूळतारे, चपटे खेकडे, अंड्यांचे पुंजके, कधी नशीब असेल तर छोटं ऑक्टोपस सापडतं. पण बघून झालं की दगड होता तसा पालथा घालायचा. खालच्या बाजूचे जीव उन्हाला सोसत नाहीत आणि वरच्या बाजूचं शेवाळ अंधारात मरतं. वर्गातल्या हजेरीपेक्षा या एका गोष्टीसाठी मी जास्त ओरडले असेन.

हे सगळं बघायला कोकणातच यायला हवं असंही नाही. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' नावाचा एक गट ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेतो. हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहे, गिरगाव आणि जुहूच्या वाळूत जीव आहेत, हे असंख्य मुंबईकरांना त्यांच्यामुळे पहिल्यांदा कळलं.

वाळूची पुळण खडकांच्या मानाने ओसाड वाटते. सगळे जमिनीखाली राहतात म्हणून. सकाळी ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या दिसतात. नीट पाहिलं तर मध्ये एक बारीक भोक आणि भोकातून सर्व दिशांना निघालेल्या गोळ्यांच्या रांगा. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. पाणी ओसरलं की तो वर येतो, वाळू तोंडात घेतो, कणांवरचा खाण्याजोगा सूक्ष्म थर वेगळा काढतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. आपण पाऊल टाकलं की सगळे एकदम भोकात गुडुप. भरती आली की रांगोळी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा नवी.

वरच्या कोरड्या वाळूतली मोठी भोकं वेगळ्या खेकड्याची. त्याचे डोळे दांड्यांवर उभे असतात, पळण्याचा वेग असा की कुत्रंही दमतं, आणि रंग वाळूचाच. दिवसा तो फारसा दिसत नाही. रात्री बॅटरी मारा, चारी बाजूंना धावपळ सुरू होते.

शिंपले गोळा करणाऱ्या मुलांना एक गोष्ट नेहमी दाखवते. काही शिंपल्यांना वरच्या टोकाजवळ एक गोल, सुबक भोक असतं, कडा आत उतरत गेलेल्या. मुलं त्यातून दोरा ओवून माळा करतात. ते भोक नॅटिका नावाच्या गुळगुळीत गोल शंखातल्या प्राण्याने पाडलेलं असतं. वाळूखालून सरकत तो शिंपल्याला गाठतो, आपल्या मोठ्या पायाने वेढतो, आम्लासारख्या स्रावाने कवच मऊ करत आणि दातेरी जिभेने खरवडत राहतो. आरपार जायला तास न् तास लागतात. मग त्या भोकातून आतलं मांस खातो. तेव्हा ती माळ म्हणजे खुनांच्या पुराव्यांची माळ आहे. हे सांगितलं की एरवी कंटाळलेली मुलंही शिंपले तपासायला लागतात.

वाळूवर पांढरं, हलकं, लांबट, एका बाजूने खडूसारखं ठिसूळ असं काही सापडलं, तर ते माकुळाचं पाठीतलं हाड. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेस म्हणून मिळतं ते हेच. त्याच्या आतल्या बारीक कप्प्यांत हवा आणि पाणी कमीजास्त करून माकूळ तरंगतो किंवा बुडतो.

रत्नागिरीत वाळूचीच गंमत आहे. मांडवीची वाळू काळी आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडे पांढरा समुद्र. काळ्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोहयुक्त जड खनिजं आहेत, सह्याद्रीच्या बसाल्टमधून झिजून आलेली. सहलीला येताना साधं लोहचुंबक आणायला सांगायचे. वाळूत फिरवलं की काळे कण मिशांसारखे उभे राहतात आणि भूगोलाचा एक धडा तिथेच संपतो. प्राण्यांनाही रंगाचा फरक पडतो, काळी वाळू उन्हात जास्त तापते.

वाळू तापण्याचा मुद्दा कासवांना सगळ्यांत जास्त लागू आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर मागच्या पायांनी फूट-दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि पाण्यात निघून जाते. परत वळून बघत नाही. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. एकोणतीस-तीस अंशांच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त. फार तापलं तर अंडी दगावतात.

पूर्वी किनाऱ्यावरच्या गावांत ही अंडी काढून खाल्ली जायची, विकली जायची. उरलेली कोल्हे, कुत्री, रानडुकरं उकरायची. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घरटी वाचवायला सुरुवात केली. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव, तोवर ओळख तेवढीच. अंडी खड्ड्यातून काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरायची. हे काही तासांच्या आत करावं लागतं, कारण गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं फिरलं तर मरतं. पिल्लं येण्याच्या सुमाराला घरट्यावर टोपली झाकून ठेवतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची, पिल्लं असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची, पुढे त्यांनी आपलं आपण जायचं. त्यातून कासव महोत्सव उभा राहिला, घरोघरी पाहुणे उतरायला लागले आणि अंडी काढणाऱ्या गावाला अंडी राखण्यात पैसा दिसला. निसर्गप्रेमापेक्षा हे कारण मला जास्त भरवशाचं वाटतं. आंजर्ले, गुहागर, गावखडी अशा कितीतरी किनाऱ्यांवर आता हेच चालतं.

या माद्या जातात कुठे, हे कळायला उशीर लागला. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याहून मोठा धक्का जानेवारी २०२५ मध्ये बसला. गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला धातूची खूणचकती होती, आणि ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली निघाली. ओडिशात हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात, आपल्याकडे एकेकटी. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असा समज होता. त्या एका चकतीने तो डळमळला.

हिवाळी पक्ष्यांवर वेगळा लेख व्हायला हवा. इतकंच सांगते, लाटेच्या कडेने पुढे-मागे धावणारे चिखले आणि तुतारे मध्य आशिया आणि त्याच्याही उत्तरेकडून इथे आलेले असतात. रापणीचं जाळं ओढलं जात असेल तर कुरव आणि सुरय डोक्यावर गोळा होतात. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीकडे वळलात तर चिखलात उड्या मारणारी निवटी बघा. मासा असून पाण्याबाहेर राहते आणि कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेते.

पावसाळ्यात मात्र हा सगळा मंच मोडतो. जून ते ऑगस्ट मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात आणि आत थोड्या अंतरावर तिचे दांडे रचतात. पुळण अरुंद आणि खडी होते, एरवी वाळूखाली असलेले दगड उघडे पडतात. पाऊस सरला की सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. किनारा असा दरवर्षी जातो आणि येतो. वरच्या अंगाला मर्यादावेल मुळं रोवून तिथली वाळू धरून ठेवते. आपण समुद्र खवळला म्हणून तिथे दगडांचा बंधारा घालतो. बंधाऱ्याला आपटलेली लाट पायथ्याची वाळू आणखी जोरात ओढते, आणि त्या जागी पुळण परत बसेनाशी होते. मागची घरं वाचवायला बंधारा काही ठिकाणी लागतो, मी नाही म्हणत नाही. पण कासवाच्या मादीला दगडांवर चढता येत नाही. आणि सुट्टीत वाळूवर गाड्या पळवणाऱ्यांना तर मला काही बोलायचंच नाही. गाडी भरतीत रुतली की त्यांचे व्हिडिओ फिरतात, तेव्हा शेजारीण मला आवर्जून दाखवते.

पावसाळी वाऱ्याबरोबर निळे पाहुणे येतात. रुपयाएवढं निळं गोल चाक म्हणजे ब्लू बटन, फारसं अपायकारक नाही. पारदर्शक निळसर फुगा आणि खाली लांब दोरे असतील तर ती ब्लू बॉटल. वाळूत मेलेली दिसली तरी दोरे डंख करतात. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुवायचं, दोरे चिमट्याने काढायचे, सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचं आणि दम लागत असेल तर सरळ दवाखाना.

कधीकधी पाहुणा फार मोठा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. लोकांनी ओल्या कपड्यांनी झाकलं, पाणी मारत राहिले, भरतीच्या वेळी बोटीने ओढून आत नेलं. ते वाचलं नाही. देवमासा केवढा असतो हे नीट पाहायचं असेल तर रत्नागिरीत झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात सांगाडा आहे. मी विद्यार्थ्यांना आधी तो दाखवायचे आणि मग खडकांवर न्यायचे, म्हणजे बार्नेकलची थट्टा होत नसे.

तर तिथी बघून या. जुने, तळ घट्ट असलेले बूट घाला, चपला नकोत, बार्नेकल आणि कालवं पाय फाडतात. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर उतरा, पाण्याच्या मागे मागे खाली जा. पाणी वळलं की तुम्हीही वळा. पहिल्या तासात ते फारसं चढत नाही, म्हणून माणूस रेंगाळतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यांत वेगाने चढतं, आणि बहुतेक वेळा समोरून न येता मागच्या घळीतून भरतं. शेजारीण आणि तिच्या जावा तोवर केव्हाच वर आलेल्या असतात. बांधावर बसून डबे झाकत असतात. थांबलात तर ताजी कालवं मिळतील, पण भाव करायला जाऊ नका, ती ऐकत नाही.